नाव-नंबर काढले की डेटा सेफ होतो ना? मग एआय प्रायव्हसीत एमटेक करण्यासारखं उरतं काय?

तुमचा प्रश्न दरवर्षी माझ्या वर्गातही येतो. मी कोपरखैरण्याच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येजा.

आमच्याकडे एकदा फीडबॅक फॉर्म निघाला, नाव लिहायचं नाही म्हणे, पण ब्रँच, वर्ष, मुलगा की मुलगी आणि कुठून येता हे लिहायचं. आता मेकॅनिकल थर्ड इयरला कसाऱ्याहून येणारी मुलगी एकच, त्यामुळे सरांबद्दल तिने काय लिहिलं ते दुपारपर्यंत सरांना कळलं होतं.

हेच अमेरिकेत 1990 च्या दशकात मोठ्या प्रमाणात झालं. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा हॉस्पिटलचा डेटा नावं काढून, पण जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि पिनकोड तसेच ठेवून दिला, लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती, तिने 20 डॉलरला केंब्रिजची मतदारयादी घेतली आणि ताडून बघितली. तिथले गव्हर्नर वेल्ड यांची जन्मतारीख असलेले यादीत 6 जण, त्यात पुरुष 3, पिनकोड जुळणारा 1. झालं, साहेबांची फाईल हातात!

मग उपाय काय तर थोडं खोटं मिसळायचं. वर्गात मी विचारतो, सबमिशन कॉपी केलंय का? प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं, छापा आला तर खरं सांगायचं, काटा आला तर परत उडवून छाप्याला 'हो', काट्याला 'नाही'. (यूपीआयमुळे पोरांकडे नाणीच नसतात, स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याकडून सुट्टे आणावे लागले.) 60 पैकी 39 'हो' आले. त्यातले साधारण 15 नुसते नाण्याचे, म्हणजे खरं बोलणाऱ्या 30 पैकी 24, जवळपास 80 टक्के कॉपीवाले, पण एकाचीही मान पकडता येत नाही कारण 'माझा काटा आला होता सर' म्हणायला प्रत्येकजण मोकळा. ही कल्पना स्टॅन्ली वॉर्नरची, 1965 ची, त्याची पद्धत थोडी वेगळी होती. सिंथिया ड्वर्क आणि मंडळींनी 2006 मध्ये डिफरन्शियल प्रायव्हसी, म्हणजे असं खोटं मोजूनमापून मिसळायची गणिती पद्धत, मांडली, तीही याच घराण्यातली, आणि अमेरिकेने 2020 च्या जनगणनेत ती वापरली.

एआयमध्ये त्रास वाढतो कारण मॉडेल ट्रेनिंगमधलं बरंच काही पाठ करून बसतं, तिथे पुसायला नावाचा कॉलमच नसतो. खोटं जास्त मिसळलं की मॉडेल बिनकामाचं, कमी मिसळलं की कसाऱ्याच्या मुलीसारखं व्हायचं, मधली रेघ कुठे मारायची यावर आमची भांडणं चालू असतात. या भांडणात मजा वाटणार असेल तर एमटेक नक्की करा, फक्त त्याआधी प्रोबॅबिलिटी नीट करून या, कोडिंगचं नंतर बघता येतं.