दत्तक जाईपर्यंत स्पॅनियल जातीचं कुत्रं सांभाळायला आणलंस, आता कानांकडं बघ

अगं, पहिले आठ दिवस पाहुण्यारावळ्यांना दाखवत बसू नकोस, नवं घर अंगवळणी पडू दे त्याला. खरं काम कानांचं. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. ओल राहिली की खाज, घाण वास. आंघोळीनंतर कोरडे पूस, काडी मात्र आत घालू नकोस. आपल्या माळावर दिवाळीनंतर कुसळं वाळतात, ती कानात अन् बोटांच्या बेचक्यात रुततात. फिरून आलं की रोज चाचपायचं, गोचीडही तिथंच सापडते. (मी एकदा आळस केला, भूल देऊन कुसळ काढावं लागलं.) मे महिन्यात लातूरचा पारा ४० च्या वर, तेव्हा सकाळी ७ च्या आतच फिरव. दत्तक घ्यायला येणाऱ्याला आधी विचार, दुपारी घरी कोण असतं? एकटं पडलं की हे रडून गल्ली डोक्यावर घेतं.