वाचकांचे प्रश्न : शरद ऋतूत एकट्याने डोंगर चढताना

प्रश्न : मी नागपूरला मानेवाडा भागात राहतो. वय ३८. नागद्वारची यात्रा मी चार वेळा केली आहे आणि पचमढीचा चौरागडही चढलो आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीच्या बाजूचा कुलंग किल्ला एकट्यानेच चढावा, असे मनात आहे. पाऊस संपलेला असतो आणि उन्हाळाही नसतो, त्यामुळे हा काळ सुरक्षित समजावा का? कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : एकट्याने डोंगर चालण्याची ओढ मला ठाऊक आहे आणि तुमचा अनुभवही मी कमी लेखत नाही. परंतु नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला निघालेला माणूस हजारोंच्या मागून चालत असतो. त्याला वाट शोधावी लागत नाही आणि पाय घसरला तर मागून येणारा हात देतो. कुलंगवर वाट शोधणे, वेळ पाहणे आणि ‘आता मागे फिरू’ असे म्हणणे ही तिन्ही कामे तुमच्या एकट्याकडे येतात, आणि थकलेल्या माणसाला तिसरे काम सर्वांत अवघड जाते. म्हणून मागे फिरण्याची वेळ घरीच ठरवून कागदावर लिहून ठेवावी आणि डोंगरावर तिच्याशी घासाघीस करू नये, हे माझे पहिले सांगणे आहे.

पाऊस संपला म्हणजे डोंगर सुरक्षित झाला, ही समजूत मात्र सोडावी लागेल. पावसाळ्यात माजलेले गवत ऑक्टोबरमध्ये कमरेइतके उंच असते, दगडांवर रंगवलेले बाण त्यात बुडून जातात आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा अधिक ठळक दिसतात. अनेक वर्षांपूर्वी अशाच एका ढोरवाटेने मी कारवीच्या दाट रानात शिरलो होतो. वाट उत्तम मळलेली होती, शेणही ताजे होते, त्यामुळे शंका आली नाही. पाऊण तासाने कारवी एकदम संपली आणि समोर पिवळ्या गवताची चार हात रुंद पट्टी उरली. तिच्यापलीकडे काहीच नव्हते. पायाखालून निसटलेला एक दगड खाली आपटल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही. त्या क्षणी खाली गाव दिसत होते आणि कड्याच्या कडेकडेने उतरून पाहण्याचा मोह झाला होता. मी तसे केले असते तर हे उत्तर लिहायला राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही. आलो त्याच वाटेने, शेवटचा बाण जिथे नक्की पाहिला होता तिथपर्यंत परत गेलो. वाट चुकल्याची शंका येताच शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जावे. अंदाजाने आडवे जाऊ नये आणि पाण्याचा ओघळ धरून तर मुळीच उतरू नये, कारण सह्याद्रीतील ओघळ बहुधा कड्यावरच जाऊन संपतात.

चढणीपेक्षा उतरणीची भीती अधिक बाळगावी. पावसाने माती धुऊन गेल्यावर वर सुटे खडे राहतात, त्या घसाऱ्यावर वाळके गवत आडवे पडले की पाऊल ठरत नाही, आणि हे नेमके गुडघे थरथरू लागतात तेव्हाच वाट्याला येते. खोदीव पायऱ्या आणि कातळटप्पे उतरताना तोंड दगडाकडे असावे, दोन्ही हात मोकळे असावेत. नागपूरच्या सपाटीवर उतरण्याचा सराव होत नाही, म्हणून महिनाभर आधीपासून रामटेकच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन चढाव्यात आणि मुख्यतः उतराव्यात.

वेळेचे गणित असे करावे. तिकडे सूर्य नागपूरपेक्षा सुमारे २० मिनिटे उशिरा मावळतो, पण डोंगराच्या सावलीतली वाट त्याच्या बरीच आधी अंधारते. सकाळी उजाडताच निघावे आणि दुपारी बारा वाजता जिथे असाल तिथून परतावे, माथा हाकेच्या अंतरावर असला तरीही. परतीच्या पावसाचे ढग दुपारीच जमतात. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर धार, माथा आणि एकटे झाड तात्काळ सोडून खाली यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, पण दरीत नेटवर्क नसते हे गृहीत धरावे. आणखी एक गोष्ट : नागपूरहून इगतपुरी रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटर आहे. रात्रभर प्रवास करून उतरल्या उतरल्या चढायला लागू नये, एक रात्र पायथ्याच्या गावात झोप घ्यावी.

गवतात काठी आपटत चालावे आणि पाहिल्याशिवाय कपारीत हात घालू नये. साप चावल्यास जखम कापू किंवा आवळून बांधू नये, तो अवयव हलू देऊ नये आणि १०८ वर फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. या ऋतूत गवतातील बारीक किडीमुळे स्क्रब टायफस होतो. २०१८ साली आपल्याच नागपुरात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर लोळू नये, आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला व अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरांना डोंगरावर गेल्याचे आवर्जून सांगावे. पाणी किमान चार लिटर असावे, विजेरी आणि शिटी खिशात असावी. मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा मदतीचा सर्वत्र मानला जाणारा संकेत आहे.

आता स्पष्ट उत्तर. यंदा कुलंगला एकट्याने जाऊ नका. जायचेच असेल तर पायथ्याच्या गावातून वाटाड्या घ्या. एकट्याने चढण्यासाठी बारी गावातून कळसूबाई निवडा. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर राज्यात सर्वांत उंच आहे, चढ खडा आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवसांत वाटेवर माणसे भेटतात.

प्रश्न : माझी मुलगी पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीत एकटीच डोंगरावर जाते. तिला अडवायची माझी इच्छा नाही, पण नागपुरात बसून माझा जीव टांगणीला लागतो. वडील म्हणून मी काय करावे? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : तिच्याकडून दर वेळी एक चिठ्ठी मागून घ्या. कोणत्या गावातून कोणत्या वाटेने चढणार, उतरणार कुठे, गावात कोणाच्या घरी सांगून जाणार आणि त्यांचा फोन क्रमांक, अंगावरच्या कपड्यांचा आणि सॅकचा रंग, आणि खाली आल्यावर फोन करण्याची ठरलेली वेळ, एवढे त्यात असावे. वाट बदलली तर चढण्यापूर्वी तिने कळवावे. ठरलेल्या वेळेनंतर एक तास थांबा, मग गावातल्या त्या घरी फोन करा. तिथून खात्रीची बातमी मिळाली नाही तर लगेच ११२ वर कळवून चिठ्ठी शब्दशः वाचून दाखवा, म्हणजे त्या भागातील पोलिसांना आणि बचाव पथकांना शोध कुठून सुरू करायचा हे कळेल. तिचा फोन लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसू नका, तिच्या फोनची बॅटरी तिलाच उपयोगी पडू द्या. त्याऐवजी तुमचे ठिकाण सांगणारा एकच संदेश पाठवा : ‘मी घरी आहे, तुझी चिठ्ठी हातात आहे, गावात फोन केला आहे.’