बारा आठवड्यांत पंधरा किलो : इतके पैसे मोजावेत का?

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते. माझी उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो आहे. थायरॉइडची गोळी काही वर्षांपासून चालू आहे आणि मागच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आले. जवळच्या एका फिटनेस सेंटरने १२ आठवड्यांचा ‘बॉडी ट्रान्स्फॉर्मेशन’ कार्यक्रम सुचवला आहे. त्यात आठवड्याचे सहा दिवस व्यायाम, ठरवून दिलेला आहार, पावडरी आणि गोळ्यांचे किट आणि १५ किलो वजन कमी करून देण्याची हमी आहे. शुल्क ५४,००० रुपये असून ते हप्त्यांनी भरता येते. मात्र याच आठवड्यात नाव नोंदवले तरच हा दर मिळेल, असे ते सांगतात. पैसे मोजून कोणी बारीक होत नाही, असे घरच्यांचे मत आहे. मी यापूर्वी दोनदा स्वतः व्यायाम सुरू करून सोडून दिला आहे. पैसे भरावेत का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : हा कार्यक्रम ज्या स्वरूपात तुमच्यापुढे ठेवला गेला आहे, त्या स्वरूपात त्याचे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही घरच्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य नाही. व्यायाम नीट शिकण्यासाठी आणि सुरुवातीचे काही महिने कोणाचे तरी लक्ष असावे म्हणून पैसे खर्च करणे योग्यच आहे, विशेषतः दोनदा खंड पडला असेल तेव्हा. प्रश्न आहे तो ५४,००० रुपयांत तुम्हाला नेमके काय विकले जात आहे हा, आणि तुमच्या पत्रावरून तरी ते प्रामुख्याने वेग विकत आहेत असे दिसते.

त्या हमीचा हिशेब एकदा मांडून पाहा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. ८४ दिवसांत १५ किलो चरबी उतरवायची तर रोज सुमारे १,३७५ किलोकॅलरींची तूट पडायला हवी. तुमचे वय, उंची, वजन आणि शाळेतील दिनक्रम लक्षात घेतला, तर तुमच्या शरीराचा दिवसभराचा खर्च १,९०० ते २,००० किलोकॅलरींच्या आसपास येतो. व्यायामाने त्यात रोज दोन-अडीचशेची भर पडेल असे धरले, तरी खाण्यासाठी ८०० किलोकॅलरी उरतात. इतका तुटपुंजा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिला जातो. तोही दिवसभर वर्गात उभे राहून शिकवायचे, संध्याकाळी घरचे पाहायचे आणि वर आठवड्यातून सहा दिवस घाम गाळायचा, हे सांभाळून पाळायचा असेल, तर तो तीन महिने टिकणे जवळजवळ अशक्य आहे.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरल्याचे काटा दाखवेल आणि तुमचा विश्वासही बसेल. पण भात-पोळी एकदम कमी केली की यकृत आणि स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आटतो आणि त्याच्यासोबत धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते. ही घट मुख्यतः पाण्याची असते. पुढे अतिवेगाने उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

यानंतर काय होते, हे अमेरिकेत मोजले गेले आहे. वजन उतरवण्याच्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेच्या ३० आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ५८ किलोंनी घटले होते. सहा वर्षांनी त्यातील सरासरी ४१ किलो परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होते. या माणसांनी मेहनतीत कसूर केली असे कोणी म्हणू शकणार नाही. म्हणूनच तेराव्या आठवड्याबद्दल जो कार्यक्रम काहीच सांगत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तुमच्यासाठी दिलासा देणारी गोष्ट अशी की तुम्हाला १५ किलोंची गरजच नाही, निदान आत्ता तरी नाही. तुमचे एचबीएवनसी मधुमेहपूर्व टप्प्यात, म्हणजे ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आहे. याच टप्प्यातील लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शरीराच्या वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढेच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे जेमतेम साडेपाच किलो. चेन्नईतील संशोधकांच्या २००६ सालच्या भारतीय अभ्यासात तर वजनात फारसा फरक न पडताही, केवळ आहार आणि हालचालीतील बदलांनी हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. आठवड्याला अर्धा किलो या गतीने साडेपाच किलो उतरायला अडीच-तीन महिने लागतील, आणि या गतीत भाकरी-उसळीचे जेवण, श्रावणातले उपवास आणि घरातले कार्य हे सगळे बसते.

आता पैसे कुठे सार्थकी लागतात ते सांगतो. चाळिशीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर, स्नायू आणि हाडे टिकवण्यासाठी वजन उचलण्याच्या व्यायामाला पर्याय नाही, आणि तो मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून नीट शिकता येत नाही. चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी तुमच्या हातात डंबेल देत नाही. तो एक काठी तुमच्या पाठीला उभी लावतो. डोक्याची मागची बाजू, दोन्ही खांद्यांमधील भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे, असे सांगून तो तुम्हाला कमरेतून पुढे वाकायला लावतो. पाठ गोल झाली की काठी सुटते आणि चूक तुम्हाला स्वतःलाच कळते. हे चार-सहा वेळा नीट जमल्याशिवाय तो वजन वाढवत नाही. आमच्याकडच्या जुन्या तालमींतही वस्ताद नव्या पोराचे जोर-बैठका मोजण्याआधी त्याची ढब बघत. अशा नजरेचे पैसे जरूर द्यावेत.

तेव्हा आठवड्यातून तीन दिवस प्रशिक्षकासोबत, उरलेल्या दिवसांपैकी दोन-तीन दिवस झपाझप चालणे, आणि एखाद्या पात्रताधारक आहारतज्ज्ञाकडे महिन्यातून एक भेट, एवढी सोय तीन महिन्यांसाठी करून पाहा. ती तुम्हाला बऱ्याच कमी रकमेत करता येईल असे मला वाटते. प्रशिक्षक निवडताना वर्षभरापूर्वी त्याच्याकडून शिकून गेलेल्या दोन व्यक्तींशी बोलू देतो का, ते पाहा. आधीची-नंतरची छायाचित्रे मागू नका. प्रकाश, उभे राहण्याची ढब आणि आदल्या दिवशी प्यायलेले पाणी यांनीही छायाचित्र बदलते. त्याने तुमचा रक्तदाब, औषधे आणि जुनी दुखणी विचारलीच नाहीत, तर तिथून निघून या. आणि आधीचे दोन प्रयत्न कशामुळे मोडले ते त्याला आवर्जून सांगा. सहामाहीच्या पेपर तपासणीत ते मोडले असतील, तर त्या पंधरवड्यासाठी घरच्या घरी करायचा वीस मिनिटांचा व्यायाम आधीच ठरवून घेता येतो.

किटबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. थायरॉइडच्या गोळीचे शोषण कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमुळे कमी होते, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. सोयाच्या पावडरीचाही शोषणावर परिणाम होऊ शकतो. केस आणि त्वचेसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडेच चुकीचे येऊ शकतात. डॉक्टरांना प्रत्येक डब्यावरची घटकांची यादी दाखवल्याशिवाय त्यातले काहीही घेऊ नका. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला आहे. सकाळच्या पोह्यांसोबत दोन अंडी, दुपारच्या डब्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, रात्री पनीर किंवा घट्ट वरण आणि वाटीभर दही, एवढ्याने तुमची प्रथिनांची गरज बरीचशी भागते.

‘याच आठवड्यात’ या अटीचा विचारही करू नका. हप्त्यांची सोय म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेले कर्ज असते. सेंटर बंद पडले किंवा तुम्ही सोडून आलात, तरी वित्तसंस्था हप्ते मागत राहते.

प्रश्न : मी पुण्यात अशाच कार्यक्रमाचे सगळे पैसे आगाऊ भरले. तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखू लागला. प्रशिक्षकाने व्यायाम बदलून दिला नाही आणि पैसेही परत मिळणार नाहीत असे पावतीवर छापले आहे. काही करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवा आणि कोणते व्यायाम टाळायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. तो कागद जोडून सेंटरला लेखी विचारा की व्यायाम बदलून देणार की उरलेल्या आठवड्यांचे पैसे परत करणार. हे ईमेलने किंवा पोचपावती घेऊन करा, तोंडी बोलणे पुरेसे नाही.

पावतीवर ओळ छापली म्हणून तुमचा तक्रारीचा हक्क संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. जाहिरातीतील हमीचे स्क्रीनशॉट आणि प्रशिक्षकाशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे आजच जपून ठेवा, कारण वाद सुरू झाल्यावर सेंटरच्या पानावरील जाहिरात तशीच राहील याची खात्री नसते.