दाताच्या इंजेक्शनने हिरडी बधिर कशी होते?

प्रश्न : दात काढण्यापूर्वीच्या इंजेक्शनाने वेदना का जाणवत नाहीत? हिरडीत पू असला, की ते नीट का लागू पडत नाही?

उत्तर : मज्जातंतूच्या पटलात (बाहेरच्या पातळ आवरणात) सोडियमला आत येऊ देणारी छिद्रे, म्हणजे सोडियम वाहिन्या असतात. अशा वाहिनीत एकाच लांबलचक प्रथिनसाखळीचे साधारण सारखे चार भाग छिद्राभोवती बसलेले असतात, विद्युतदाब बदलताच प्रत्येक भागातील सहा खंडांपैकी चौथा, धनभारित खंड सरकतो, छिद्र उघडते आणि सोडियम आत शिरून संदेश पुढे जातो. एक-दोन मिलिसेकंदांतच साखळीचा पेशीच्या आतल्या बाजूचा तुकडा छिद्र पुन्हा बंद करतो. लिडोकेन, म्हणजे इंजेक्शनातील बधिर करणारे औषध, बाहेरून छिद्र बुजवत नाही (तसा समज सहज होतो), तर पटल ओलांडून आतल्या बाजूने वाहिनीला चिकटते; मग सोडियम आत शिरत नाही आणि वेदनेचा संदेश पुढे जात नाही. पुवामुळे आम्लता वाढली, की औषधाचा पटल ओलांडू शकणारा अंश घटतो.