आई येऊ शकत नाही, मग बाळंतपणात नवऱ्याने काय काय करायचं?

या वेळचं पत्र इंग्लंडमधून आलंय. पहिलटकरीण आहे, ३१ वा आठवडा चालू आहे. बाबांचं ऑपरेशन ठरल्यामुळे आईला तिकीट रद्द करावं लागलंय, सासूबाई नंतर येणारेत पण बाळ दीड महिन्याचं झाल्यावर. तिला शक्यतो नैसर्गिक बाळंतपण हवंय, एपिड्युरल (कळा बधिर करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) नको वाटतंय, आणि नवरा चांगला आहे पण म्हणतो की मी तिथे उभा राहून काय करणार, मला रक्त बघवत नाही. घरून फोनवर पण तेच चालू आहे, पुरुषाचं काय काम तिथे.

अगं, सगळ्यात आधी तुला एक सांगते, आई नसणार म्हणून तुला जे रडू येतंय ते येऊ दे, त्यात चुकीचं काही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी हे आपल्याकडे लहानपणापासून मनात बसलेलं असतं, आत्या मावश्या बहिणी सगळ्यांचं तसंच पाहिलेलं असतं. माझंही बाळंतपण इथेच झालं, आई नव्हती, आम्ही दोघंच. म्हणून जे लिहितेय ते अनुभवातून लिहितेय आणि त्यातलं बरंचसं तुझ्यापेक्षा तुझ्या नवऱ्यासाठी आहे, त्यालाच वाचायला दे.

आधी इथली पद्धत समजून घ्या कारण आपल्या लोकांचा निम्मा गोंधळ तिथेच होतो. इथे सगळं सुरळीत असेल तर बाळंतपण मिडवाईफ करते, डॉक्टर दिसतही नाही. घरचे भारतातून घाबरून विचारतात की अजून डॉक्टर का नाही आला बघायला, तर त्यांना सांगायचं की डॉक्टर येत नाही म्हणजे सगळं नीट चाललंय. आपल्या आज्यांची बाळंतपणं सुईणीनेच केली, इथे तीच सुईण डिग्री घेतलेली असते आणि बाळाचे ठोके ऐकत असते, काही वेगळं वाटलं तर तीच डॉक्टरला बोलावते. बर्थ सेंटर, म्हणजे मिडवाईफच चालवतात ते बाळंतपणाचं केंद्र, जवळ असेल आणि तुझं बीपी, शुगर वगैरे ठीक असेल तर तिथेच जायचं का हे मिडवाईफशी आत्ताच बोल, तिथे कोमट पाण्याचा पूल असतो आणि कळा सोसायला त्याच्यासारखं दुसरं काही मला तरी मिळालं नाही.

आता कळांबद्दल. सिनेमात पाणी फुटतं आणि पुढच्या सीनला बाळ असतं तसं काही होत नाही. पहिल्या खेपेला सुरुवातीचा टप्पा खूप रेंगाळतो, कधी रात्रभर कधी दोन दोन दिवस, कळा येतात जातात, मधेच थांबतात. इथे पिशवीचं तोंड साधारण ४ सेंटीमीटर उघडलं आणि कळा नियमित झाल्या की मगच खरं लेबर सुरू झालं असं धरतात, आणि तिथून पुढे पहिल्या वेळेला सरासरी ८ तास लागतात, सहसा १८ च्या वर जात नाही. त्याआधी गेलात तर तपासून घरी पाठवतात. आम्ही पहाटे ६ ला गेलो होतो, २ सेंटीमीटर, परत घरी. मी गाडीत हमसून हमसून रडले, मला वाटलं एवढं दुखतंय ते खोटंच आहे की काय. खोटं नव्हतं, पिशवीचं तोंड पातळ व्हायचं काम चालू होतं, पण त्या वेळी हे मला कोणी नीट सांगितलं नाही आणि नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

म्हणून त्याचं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम घरीच आहे, हॉस्पिटलमधे नाही. घरात तुला शांत ठेवायचं. पडदे ओढून अंधार करायचा, फोन त्याच्या ताब्यात, व्हॉट्सॅपवर कुणालाही कळवायचं नाही की सुरू झालंय, कारण एकदा कळवलं की दर १० मिनिटाला "झालं का" सुरू होतं आणि तुझ्यावर उगाच घाई येते. खायला द्यायचं, मऊ खिचडी, वरणभात, केळं, जे पोटात राहील ते, कारण पुढे अंगात ताकद लागते. दर तासा दोन तासाला बाथरूमला न्यायचं, भरलेलं मूत्राशय बाळाचं डोकं खाली यायला अडवतं आणि कळांमधे आपल्याला लघवी लागल्याचं कळत नाही. कळ आली की कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही नुसतं दाबायचं, आणि हे आत्तापासून रोज ५ मिनिटं करून बघा म्हणजे तुला नेमकं कुठे आणि किती जोरात हवंय ते त्याला हाताने कळेल. माझ्या नवऱ्याचे दोन्ही मनगटं दुसऱ्या दिवशी सुजली होती. त्याने ती आठवण अजून जपून ठेवलीय.

१० मिनिटात ३ कळा, प्रत्येक ४५ सेकंद ते मिनिटभर, आणि तुला कळेच्या वेळी बोलता येत नाहीये, असं झालं की फोन करायचा. फोनवर मिडवाईफ तुझ्याशीच बोलायला मागते कारण कळेच्या वेळचा तुझा आवाज ऐकूनच तिला बरंच कळतं, त्यामुळे तो सगळं बोलतोय आणि तू मागे गप्प असं करू नका.

पण काही गोष्टींना वाट बघायची नाही, लगेच फोन, रात्री ३ वाजता पण. बाळाची हालचाल कमी वाटली किंवा रोजच्यापेक्षा वेगळी वाटली, ताजं रक्त गेलं, पाणी गेलं आणि ते हिरवट किंवा तपकिरी आहे, खूप डोकं दुखतंय आणि डोळ्यासमोर चमकतंय, तोंड हात एकदम सुजलेत. पाणी स्वच्छ आहे आणि कळा नाहीत तरी फोन करायचाच, ते तपासतात आणि २४ तासात कळा आल्या नाहीत तर सुरू करायचं का याबद्दल बोलतात. आणि अजून एक जे आपल्या बायका अंगावर काढतात, तळहात तळपायांना रात्री भयंकर खाज. आपण म्हणतो हीटरने त्वचा कोरडी पडलीय, लाव खोबरेल तेल. पण ते यकृताच्या त्रासाचं लक्षण असू शकतं, भारतीय वंशाच्या बायकांमधे ते जास्त दिसतं आणि त्याची साधी रक्ताची टेस्ट असते. खाज सुटली तर लाजू नको, सांग.

आता लाजण्याबद्दलच बोलते, कारण हे कुठल्याही क्लासमधे मला कोणी सांगितलं नव्हतं. कळा जोरात आल्या की इंग्रजी जातं. मी १० वर्षं इंग्रजीत नोकरी केलेली बाई, मला त्या वेळी एक वाक्य धड सुचेना, फक्त "आई गं" आणि "कळ आली, कळ आली". मिडवाईफ बिचारी विचारतेय कुठे दुखतंय कसं दुखतंय, आणि माझ्या डोक्यात ठणका, रग, कळ, असे शब्द, त्याला इंग्रजीत काय म्हणतात तेच आठवेना. त्या वेळी नवरा हवाच. त्याला मराठीतलं तुझं दुखणं कळतं आणि तो ते पुढे सांगू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, शेवटी शेवटी जेव्हा बाळाचं डोकं खाली येतं तेव्हा अगदी शी लागल्यासारखं वाटतं, जोरात. आपल्या मुली हे सांगतच नाहीत, दाबून धरतात, बाथरूमला जायला मागतात. अगं तेच तर सांगायचं असतं, त्या एका वाक्यावर मिडवाईफला कळतं की आता वेळ आली. नवऱ्याला आधीच सांगून ठेव की तू असं काही पुटपुटलीस की त्याने मोठ्याने सांगायचं. आणि खरंच थोडी शी होतेही, बऱ्याच जणींना होते, मिडवाईफ काही न बोलता पुसून टाकते, कुणाला काही वाटत नाही. तूही वाटून घेऊ नको.

कळा सोसायला गॅस अँड एअर मिळेल, नळीतून श्वासाबरोबर ओढायचा गॅस, निम्मा नायट्रस ऑक्साईड निम्मा ऑक्सिजन. कळ चढायला लागली की लगेच ओढायला सुरू करायचं, ऐन भरात आल्यावर ओढलं तर उपयोग कळ उतरल्यावर होतो. आणि ती नळी तूच धरायची, नवऱ्याने तोंडाला लावून धरायची नाही. श्वास सोडताना ओठांचा चंबू करून लांब सोडायचा आणि आवाज येत असेल तर खालच्या पट्टीत, गायीसारखा, येऊ दे. किंचाळलं की घसा आणि खांदे आवळतात आणि खालचं अंगही आवळतं.

मग एक क्षण येतो, पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या जरा आधी, अंग थरथरतं, उलटी होते, आणि प्रत्येक बाई म्हणते की मला नाही जमणार, मला घरी जायचंय, माझं सिझर करा. मी पण म्हटलं. माझा नवरा तेव्हा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता पण त्याला आधी सांगून ठेवलेलं की हे येईल, त्यामुळे त्याने कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाला, "तू म्हणाली होतीस असं वाटेल, तेच हे, आता जवळ आलंय." एवढंच. त्या एका वाक्याने मला धरलं. अर्ध्या तासात जोर करायची वेळ आली. जोर करायला पहिल्या खेपेला तास दोन तास, कधी ३ पण लागतात, पाठीवर झोपून राहू नको, गुडघ्यावर, ओणवं, कुशीवर, बदलत रहा, आणि शेवटी डोकं बाहेर येताना मिडवाईफ सांगेल जोर थांबव, फक्त फुंकर मार, तेव्हा तिचं ऐक, त्याने टाके कमी पडतात. ३४ आठवड्यांपासून खालच्या भागाला तेलाचा मसाज करायला सांगतात तो पण कर, पहिलटकरणीला त्याचा फायदा होतो.

रक्ताचं म्हणशील तर त्याने तुझ्या डोक्यापाशी बसायचं, तोंड तुझ्याकडे. नाळ कापायची का विचारतील, नको वाटलं तर नको म्हणायचं. काही खाऊन पिऊन आत यायचं, उपाशी माणसाला चक्कर येते. घरच्यांना सांगा की इथे नवरा आत असणं रोजचं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मधे सांगितलंय की बाईला हवं ते माणूस बाळंतपणात सोबत असावं. एक ओळखीचं माणूस सतत जवळ असेल तर नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, हे तपासून पाहिलेलं आहे.

एपिड्युरल नको हे आत्ता ठरवलंयस ते छान, कागदावर लिही, एकच पान, मोठ्या अक्षरात. पण त्या कागदाखाली दोघांनी मिळून हेही ठरवा की तू मन बदललंस तर तो वाद घालणार नाही. २० तास जागी राहिलेली बाई एपिड्युरल मागते तेव्हा तिला ते द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सिझर लागलंच तर तो सहसा तुझ्या डोक्यापाशी बसू शकतो, बाळ आधी त्याच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. त्या दिवशी पुढून बटणं असलेला शर्ट घालायला सांग.

बाळ आलं की छातीवर ठेवतात, नाळ लगेच कापत नाहीत, मांडीत एक इंजेक्शन देतात आणि वार पडते. चिकाचं दूध पहिल्या तासात पाज. मग चहा आणि टोस्ट आणून देतात आणि तो टोस्ट आयुष्यात विसरणार नाहीस. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी, म्हणजे आपल्याकडच्या मानाने फारच लवकर, त्यामुळे घर आधीच तयार हवं. दुसऱ्या दिवशी मिडवाईफ घरी येते, पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेतात. पाचवी पुजायची असेल तर त्याच संध्याकाळी पुजा, आम्ही व्हिडिओ कॉलवर आईला समोर बसवून पुजली, पाटा वरवंटा नव्हता तर खलबत्ता ठेवला.

घरून जे सल्ले येतील त्यातले तीन ठामपणे नको म्हणायचे आणि हे नवऱ्याने म्हणायचं, तू नाही. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. धुरी शेगडी बाळाच्या खोलीत नको. आणि घरात झोपवताना टोपरं नको, बाळ उताणं, खोली १६ ते २० डिग्री, बाळांना जास्त गरम होणं धोक्याचं असतं. बाकी तेल मालिश तुला हवी तर कर, शेपूची भाजी, बाळंतशोपा, अळिवाची खीर सगळं खा.

त्याला २ आठवड्यांची रजा असते, २०२४ पासून ती एकेक आठवडा वेगळी घेता येते, पण तुमचं बघता दोन्ही आठवडे सुरुवातीलाच लागतील. सासूबाई येईपर्यंतच्या मधल्या महिन्यासाठी अॅन्युअल लीव्ह आत्तापासून साठवायला सांग, घरून काम करता येत असेल तर मॅनेजरशी बोलून ठेव म्हणावं.

आणि अळीव इंडियन स्टोअरमधे मिळतात, या शनिवारीच आणून ठेवा. खीर त्याला शिकव. दोन चमचे अळीव तासभर दुधात भिजवायचे, मग मंद गॅसवर ढवळत १० मिनिटं, गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा नाहीतर दूध फाटतं. आत्ता दोनतीनदा करून बघू दे, पहिल्यांदा हमखास तळाला लागते.