पोट फुगलंय, वारा सरत नाही, एरंडेल देऊ का?

नाही, एरंडेल देऊ नका. जुलाबाची गोळीही नको. दोन दिवस शौच नाही, वारासुद्धा सरत नाही, पोट फुगलंय आणि हिरवी उलटी, असं तुम्ही सासूबाईंचं लिहिलंय. हे साधं बद्धकोष्ठ वाटत नाही. आतडं अडलेलं असू शकतं. तोंडातून पाणीही देऊ नका. खानापूरच्या आतल्या गावात असाल तर सकाळची एसटी बघत बसू नका, आत्ताच १०८ ला फोन करा आणि सर्जन असलेल्या दवाखान्यात, बेळगावला न्यायला सांगा.

मी वॉर्डात नर्स आहे. अशा पेशंटला मी पहिलं विचारते, "आजी, पोटाचं कधी ऑपरेशन झालंय काय?" कधी गर्भपिशवी काढलेली असते, कधी अपेंडिक्स. जुन्या ऑपरेशननंतर पोटात आतड्याला चिकटून तयार झालेले पट्ट्यांसारखे व्रण हे लहान आतडं अडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. हर्निया असेल तर जांघेत गाठ दिसते. तीही लाजू न देता बघा.

दाखल केल्यावर नाकातून नळी घालतात, सलाईन लावतात, लघवी मोजतात. मी बेंबीच्या रेषेत पेनानं खूण करून टेपनं पोटाचा घेर घेते, दर वेळी त्याच खुणेवर, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

राहून-राहून येणारी कळ एकसारखी दुखायला लागली, ताप आला, नाडी धावली, पोट फळीसारखं कडक झालं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल. कळ अचानक थांबली तरी बरं वाटलं समजू नका, लगेच सिस्टरला हाक मारा.