नव्या सिस्टरसाठी: आधी विचार, घरी सुई कोण टोचणार?

"समजलं का?" असं विचारूच नकोस, सगळे मान डोलावतात. "काकू, घरी इन्सुलिन कसं द्याल, मला करून दाखवा," असं म्हण. इन्सुलिन पेनचं, म्हणजे पेनासारख्या इंजेक्शनचं, बटण दाबून लोक सुई लगेच बाहेर काढतात, तिथेच डोस गळतो. सुई आतच ठेवून १० पर्यंत मोजायला लाव. हे शिकवणं डिस्चार्जच्या दिवशी नको. तेव्हा नातेवाइकांचा जीव बिलात आणि टॅक्सीत अडकलेला असतो. मुंबईत रात्री पेशंटजवळ थांबलेला मुलगा सकाळची लोकल पकडून कामावर जातो, दुपारी सून येते. शिकवलंस मुलाला आणि देणार सून, तर काय उपयोग? वापरातलं पेन फ्रिजबाहेर चालतं, पण गॅसजवळच्या फळीवर नको. छोट्या खोलीत नेमकं तिथेच ठेवतात, म्हणून जागाही विचारून घे.